लॉ फर्मची वेगळी ओळख : जाहिरातीच्या आधी काय बदलायचं आणि नंतर काय सांगायचं

कोणत्याही दहा लॉ फर्मच्या वेबसाइट ओळीने उघडून बघा. तराजू, लाकडी हातोडा, जाडजूड पुस्तकांच्या रांगा, काळ्या सुटात हाताची घडी घालून उभे असलेले पार्टनर. मजकूर काय, तर 'अनुभवी, विश्वासू, अशिलाचं हित सर्वप्रथम'. वर नाव झाकलं तर कोणती वेबसाइट कोणाची, हे त्या फर्मच्या पार्टनरांनाही ओळखता येणार नाही. बाहेरच्या माणसाला सगळे घोडे बारा टक्केच दिसतात. मग तो दोनच गोष्टी बघतो : ओळखीतलं कोण आहे आणि फी कोणाची कमी आहे.

असं होण्याला कारण आहे. वकिलीचा दर्जा अशिलाला काम देण्याआधी कळत नाही, आणि पुष्कळदा काम झाल्यावरही कळत नाही. खटला हरला तो वकील कच्चा होता म्हणून, की मुळात बाजूच लंगडी होती म्हणून? करार दहा वर्षं सुरळीत चालला तो चांगला लिहिला होता म्हणून, की कधी भांडणच झालं नाही म्हणून? हे ठरवता येत नाही, तेव्हा अशील त्याला कळतील अशा गोष्टींवरून अंदाज बांधतो. फोन कोणी उचलला, म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं का, बिल वाचून समजलं का, महिनाभर काही कळवलं नाही आणि आपण विचारलं तेव्हा उत्तर कसं आलं.

म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. फर्म कोणाचं काम घेते, ते कसं करते आणि त्याचे पैसे कसे लावते, यात आधी एखादी गोष्ट खरोखर वेगळी असायला हवी. ती नसताना नवा लोगो आणि जाहिरातीवर पैसे ओतणाऱ्या फर्म भरपूर आहेत. चार महिने चौकशा वाढतात आणि मग सगळं पूर्वपदावर येतं.

पायरी १ : नियमांचं एक पान तयार करा

वकिलांनी स्वतःची प्रसिद्धी किती करावी, याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत १९७७ पर्यंत वकिलांच्या जाहिरातींवर जवळजवळ सगळीकडे बंदी होती. ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी १९७६ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात त्यांनी सरळ दर छापले होते. दोन्ही बाजूंची संमती असलेल्या घटस्फोटाला १७५ डॉलर आणि वर न्यायालयाचं २० डॉलर शुल्क. बारने, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संघटनेने, कारवाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की खऱ्या माहितीच्या अशा जाहिरातीवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्या जाहिरातीत स्वतःचं कौतुक फारसं नव्हतं. लोकांना हवी असलेली आणि इतर कोणी न देणारी माहिती होती.

पण त्याच न्यायालयाने पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अपघातात जखमी झालेल्या तरुणीला रुग्णालयात गाठून काम मागणाऱ्या वकिलावरची कारवाई योग्य ठरवली. १९९५ मध्ये फ्लोरिडा राज्याचा नियमही उचलून धरला : अपघातग्रस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना पहिले ३० दिवस वकिलाने काम मागणारं पत्र पाठवायचं नाही. थोडक्यात, माहिती द्या, पण कोसळलेल्या माणसाच्या मागे लागू नका.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ पासून उलट बाजूने सक्ती केली. घर खरेदी-विक्री, वादरहित वारसाप्रकरणं, अन्यायकारक बडतर्फी अशा ठरावीक कामांचे दर, टप्पे, लागणारा वेळ आणि काम करणाऱ्यांचा अनुभव वेबसाइटवर द्यावाच लागतो. जर्मनीत वकिलाची जाहिरात वस्तुनिष्ठ असावी लागते आणि एखादं विशिष्ट प्रकरण मिळवण्यासाठी ती करता येत नाही. भारतात बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला काम मागता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, संपर्क, सनदेचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रं एवढी माहिती द्यायला मोकळीक मिळाली. पाटीवर 'अमुक विषयातले तज्ज्ञ' असं लिहायलाही तिथे मनाई आहे.

त्यामुळे पहिलं काम हे : फर्ममधल्या एका वकिलाने आपल्याला लागू असलेले नियम मुळातून वाचावेत आणि एका पानावर तीन रकाने करावेत. काय चालतं, काय चालत नाही, काय विचारून करायचं. काही गोष्टी बहुतेक ठिकाणी निषिद्ध असतात, त्या आधीच लिहून टाका. निकालाची हमी, दिशाभूल करणारी तुलना, अशिलाचं गुपित आणि काम मिळवून देणाऱ्याला दलाली. 'तज्ज्ञ' हा शब्दही जपून वापरा. अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांत मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय 'प्रमाणित तज्ज्ञ' म्हणवून घेता येत नाही.

हे पान बाहेरच्या मार्केटिंग एजन्सीला पहिल्याच भेटीत द्या. तिला हे नियम ठाऊक नसतात आणि सनद तिची जाणार नसते. पुढच्या पायऱ्यांपैकी जाहिराती, अभिप्राय आणि वेबसाइटवरचे दर यांचे भाग काही देशांत मुळीच लागू होणार नाहीत. कामाची निवड, अशिलांशी बोलणं, सेवेची रचना, बिल आणि फोन उचलण्याची पद्धत यांना मात्र जाहिरातीचे नियम आड येत नाहीत, आणि खरं वेगळेपण तिथेच असतं.

पायरी २ : जुन्या फायली काढा

गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या प्रत्येक कामाची एक ओळ, असा तक्ता करा. रकाने असे : अशील कोण, अडचण काय होती, आपल्याकडे कोणाकडून आला, फी किती ठरली, किती वसूल झाली, वेळ किती गेला. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका : 'असं काम पुन्हा घ्याल का?' याचं उत्तर फक्त हो किंवा नाही. ते पार्टनरने एकट्याने भरू नये, ज्या ज्युनियरने प्रत्यक्ष काम केलं त्यालाही विचारावं.

तक्ता भरताना बहुतेक फर्मना पहिला धक्का बसतो तो 'कोणाकडून आला' या रकान्यात. तो रिकामा असतो. म्हणजे फर्म कशावर चालते हे फर्मलाच माहीत नसतं. आठवेल तेवढं भरा, आणि आजपासून येणाऱ्या प्रत्येक चौकशीला हा प्रश्न विचारायला सुरुवात करा. 'गुगलवरून' या उत्तरावर थांबू नका. आमचं नाव आधी कुठे ऐकलं होतं का, हे पुढे विचारा. पुष्कळ लोक नाव कोणाकडून तरी ऐकतात आणि फोन नंबरासाठी तेवढं गुगल उघडतात. ते श्रेय जाहिरातीला दिलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी गोष्ट बहुधा अशी दिसते की ज्या कामाचा फर्मला अभिमान आहे आणि ज्या कामातून ती जगते, ती दोन वेगळी आहेत. गाजलेला खटला वसुलीच्या रकान्यात अर्धा रिकामा असतो. कोणाच्या लक्षातही न राहणारी भागीदारी-विभक्तीची कामं मात्र वेळेवर पैसे देतात, आणि तीच माणसं पुढची माणसं पाठवतात.

पायरी ३ : जुन्या अशिलांशी बोला

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. तक्त्यात 'हो' आलेल्या अशिलांपैकी आठ-दहा जण निवडा. त्यात हरलेले एक-दोन असावेत. ज्या वकिलाने काम केलं त्याने स्वतः हे फोन करू नयेत. समोरचा भिडेला पडतो आणि 'सगळं छान होतं' एवढंच हाती लागतं.

'आमची सेवा कशी वाटली?' हा प्रश्न विचारू नका. घडलेल्या गोष्टी विचारा. वकील शोधायचा असं कोणत्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी काय झालं होतं? आणखी कोणाकोणाला भेटलात आणि त्यांच्याकडे का गेला नाहीत? आमच्याकडे येताना कशाची धास्ती होती? काम चालू असताना सगळ्यात वैतागवाणं काय होतं? मित्राला आमच्याबद्दल सांगितलंत तेव्हा नेमके कोणते शब्द वापरलेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, भाषा सुधारू नका. 'या वकीलबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की केस करू नका' असं एखादं वाक्य हजार घोषवाक्यांना भारी पडतं, आणि ते फर्मच्या खोलीत बसून कधीच सुचत नाही. वैतागाच्या उत्तरांत कायद्याच्या ज्ञानाबद्दल तक्रार क्वचितच असते. काय चाललंय कळत नव्हतं, बिल अचानक आलं, दर वेळी नवा ज्युनियर आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा, अशाच तऱ्हेच्या तक्रारी येतात. तुमच्या पुढच्या वेगळेपणाचा कच्चा माल हाच.

पायरी ४ : दार अरुंद करा

'आम्ही दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कंपनी, कर आणि मालमत्ताविषयक सर्व कामं करतो.' हे वाक्य वाचून कोणालाही 'हे माझ्यासाठीच आहेत' असं वाटत नाही. पण यावर नेहमी दिला जाणारा सल्ला, म्हणजे 'एक कायदा निवडा', मला अपुरा वाटतो. लोक कायद्याची शाखा घेऊन येत नाहीत, आयुष्यातला किंवा धंद्यातला एक प्रसंग घेऊन येतात. म्हणून प्रसंग निवडा. 'कौटुंबिक कायदा' यापेक्षा 'एकत्र व्यवसाय चालवणाऱ्या नवरा-बायकोचा घटस्फोट' ही निवड कितीतरी धारदार आहे. तिथे घर, मुलं, कंपनीचे शेअर, बँकेची हमी आणि कामगार असे पाच प्रश्न एकदम येतात, आणि फक्त कौटुंबिक किंवा फक्त कंपनी कायदा बघणारा वकील अर्ध्यावर अडतो.

दार अरुंद करण्याची दुसरी रीत म्हणजे बाजू निवडणं. फक्त कर्मचाऱ्यांची बाजू, मालकांची कधीच नाही. फक्त विमाधारकांची, विमा कंपन्यांची नाही. याने अर्धा बाजार जातो, पण हितसंबंधांचा झगडा, म्हणजे एकाच फर्मवर दोन विरोधी पक्षांची जबाबदारी येण्याची अडचण, फारसा उरत नाही आणि समोरच्याला बोलण्याआधीच भरवसा येतो. तिसरी रीत कामाच्या प्रकारावर ठाम राहण्याची. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली क्विन इमॅन्युएल ही फर्म व्यावसायिक खटल्यांपुरतीच राहिली आणि तेवढ्याच कामावर जगभर पसरली. कंपन्यांचे करार करणारी दुसरी फर्म आपल्या अशिलाला खटल्यासाठी अशा ठिकाणी निर्धास्तपणे पाठवू शकते, कारण अशील पळवला जाण्याची भीती नसते. हे शिफारशींच्या दृष्टीने फार मोलाचं आहे.

पार्टनरांच्या बैठकीत इथे हमखास घोडं अडतं : 'मग बाकीची कामं सोडायची?' नाही. चालू अशिलांची सगळी कामं करत राहा. अरुंद करायचं आहे ते बाहेरून दिसणारं दार. निवड योग्य आहे का, हे तीन प्रश्नांवर तपासा. असे लोक पुरेसे आहेत का, त्यांना तुमच्यापर्यंत पाठवू शकणारे कोणी आहेत का, आणि हे काम पुढची पाच वर्षं करायला तुम्हाला कंटाळा येणार नाही ना. कंटाळा येणार असेल तर पहिल्या दोन प्रश्नांना अर्थ नाही.

पायरी ५ : वेगळेपण कामातच बसवा

तिसऱ्या पायरीत ऐकलेल्या वैतागांपैकी एक, फार तर दोन, निवडा आणि ते मुळापासून मिटवा. शक्यता पुष्कळ आहेत, पण तीन जागा सगळ्यात सुपीक आहेत : फी, कळवाकळवी आणि कागद.

फीपासून सुरुवात करू. तासांवर बिल लावणाऱ्या फर्मकडे जाताना अशिलाची खरी भीती आकड्याची नसते, आकडा कुठे थांबेल हे ठाऊक नसण्याची असते. २००८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या व्हॅलोरेम लॉ ग्रुपने बिलाच्या खाली एक मोकळी ओळ ठेवली. त्या ओळीत अशिलाने स्वतःला योग्य वाटेल तेवढी रक्कम वाढवायची किंवा कमी करायची आणि तेवढेच पैसे द्यायचे. सगळ्यांना इतकं धाडस झेपणार नाही. पण टप्प्यांनुसार ठरलेली फी बहुतेक फर्मना जमण्यासारखी आहे.

ती अशी बसवा. एकाच प्रकारच्या वीसेक जुन्या फायली घ्या आणि प्रत्येकीत किती वेळ गेला ते काढा. सरासरी बघू नका, फाटा कुठे फुटला ते बघा. बहुतेक प्रकरणांत पहिले दोन-तीन टप्पे, म्हणजे सल्ला, नोटीस, वाटाघाट, हे जवळजवळ सारख्याच वेळात होतात आणि नंतर काही प्रकरणं भरकटतात. सारख्या टप्प्यांची फी पक्की सांगा. भरकटणाऱ्या टप्प्यासाठी वरची मर्यादा ठेवा, किंवा तो टप्पा येताच नवा अंदाज लेखी द्या. फीमध्ये काय धरलेलं नाही, हे काय धरलं आहे त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा. न्यायालयाचं शुल्क, बाहेरचे तज्ज्ञ, प्रवास, अपील. पहिल्या काही कामांत अंदाज चुकेल आणि तोटा होईल. तो मार्केटिंगच्या खात्यात टाका, अशिलाच्या नाही.

आता कळवाकळवी. 'आम्ही सतत संपर्कात राहतो' हे सगळेच म्हणतात, त्याऐवजी मोजता येईल असं वचन द्या. दर दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येक अशिलाला चार ओळी : काय झालं, पुढे काय, तुमच्याकडून काय हवं, आतापर्यंत खर्च किती. काहीच घडलं नसेल तर 'या पंधरवड्यात काही घडलं नाही, पुढची तारीख अमुक' हेही लिहायचं. लिहायला पाच मिनिटं लागतात आणि 'माझ्या केसचं काय झालं?' असे फोन पुष्कळ कमी होतात. याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी, नाहीतर तिसऱ्या पंधरवड्याला प्रथा बंद पडते.

कागदांची गोष्ट तर अजून कोणी फारशी हातातच घेतलेली नाही. केपटाउनचे वकील रॉबर्ट डी रूय यांनी २०१६ मध्ये फळबागेत काम करणाऱ्या मजुरांसाठी रोजगाराचा करार चित्रकथेच्या रूपात तयार केला. पात्रं, प्रसंग, संवाद, आणि शेवटी सही. मजूर ज्यावर सही करतो ते त्याला समजलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. तुमच्या अशिलाला चित्रं लागणार नाहीत कदाचित. पण प्रत्येक कराराच्या वर 'हा करार काय सांगतो' असं एक साध्या भाषेतलं पान जोडणारी फर्म लोकांच्या लक्षात राहते, आणि ते पान अशिलाच्या कंपनीत हातोहात फिरतं. नावासकट.

कूली या अमेरिकन फर्मने याच्याही पुढे जाऊन नव्या कंपन्यांना लागणारे प्राथमिक कागद तयार करून देणारं साधन सगळ्यांना फुकट उघडं केलं. फुकट कागद घेणाऱ्यांतले बहुतेक कधीच अशील होत नाहीत. त्यातल्या ज्या कंपन्या मोठ्या होतात त्यांना पहिला वकील म्हणून कोणाचं नाव माहीत असेल, एवढाच त्यातला हिशेब.

जे निवडाल ते सहा महिने गाजावाजा न करता चालवा. चाललं तर बोला.

पायरी ६ : एक वाक्य आणि त्याची परीक्षा

आता सांगण्यासारखं काही आहे, तेव्हा ते एका वाक्यात आणा : कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, काय वेगळं. उदाहरणार्थ, 'नोकरीवरून काढलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची बाजू आम्ही मांडतो. पहिल्या आठवड्यात लढायचं की तडजोड करायची याचा लेखी सल्ला देतो आणि त्याची फी आधी ठरलेली असते.' दुसऱ्या एखाद्या फर्मचं नाव वर लावून हे वाक्य वाचा. तरीही खरं वाटलं तर अजून काम बाकी आहे. 'अनुभवी' आणि 'विश्वासू' ही विशेषणं या परीक्षेत कधीच टिकत नाहीत, कारण 'आम्ही अननुभवी आणि बेभरवशाचे' असं कोणीही लिहीत नाही.

दुसरी परीक्षा तोंडी. हे वाक्य रिसेप्शनवरच्या माणसाला, नव्या ज्युनियरला आणि सगळ्यात जुन्या पार्टनरला न वाचता सांगता येतं का? तिघांची तीन वाक्यं निघाली तर बाहेरच्यांच्या मनात चौथंच काहीतरी असणार.

पायरी ७ : दर्शनी भाग

वेबसाइटबद्दल थोडक्यात. पानांची रचना कायद्याच्या शाखांवर नको, प्रसंगांवर हवी. 'भागीदार पैसे काढून घेतोय, आता काय?' असं पान 'भागीदारी कायदा' या पानापेक्षा जास्त वाचलं जातं, कारण माणूस शोधतोही याच शब्दांत. प्रत्येक वकिलाच्या परिचयात पदव्यांची रांग खाली टाका आणि वर तो कोणत्या प्रकारची प्रकरणं रोज हाताळतो ते लिहा. पहिल्या भेटीत काय होतं, किती वेळ लागतो, कोणते कागद आणायचे, पैसे लागतात का, याचं स्वतंत्र पान ठेवा. वकिलाकडे पहिल्यांदा जाणारा माणूस दवाखान्यात जाणाऱ्याइतकाच धास्तावलेला असतो. हातोडा आणि तराजूचे फोटो काढून टाका.

खरी गळती वेबसाइटवर नसते, फोनवर असते. एखाद्या परिचिताला अशील म्हणून फर्मला फोन करायला लावा. एकदा कामाच्या वेळेत, एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा संध्याकाळी. किती वेळाने कोणी उचलला, काय विचारलं, परत फोन करतो म्हणून सांगितलं तर केला का, हे लिहून घ्या. बहुतेक पार्टनर हा अहवाल वाचून जाहिरातीची बैठक पुढे ढकलतात, आणि ते योग्यच करतात.

फोन घेणाऱ्याला पाच गोष्टी शिकवा. आधी ऐकणं. मग समोरच्या पक्षाचं नाव विचारून हितसंबंधांचा झगडा तपासणं. मुदतीची तारीख जवळ आहे का, हे विचारणं. सल्ला न देणं. आणि पुढे काय होईल ते वेळेसकट सांगणं. काम आपलं नसेल तर नकारही नीट द्या : 'हे आम्ही करत नाही, पण हे करणारे दोघं-तिघं सुचवतो, आणि मुदत लवकर संपू शकते म्हणून उशीर करू नका.' असा नकार मिळालेली माणसं पुढे शिफारस करतात. अशिलांपेक्षा कधीकधी जास्तच.

पायरी ८ : लिहा, पण थोडं आणि खोल

दर आठवड्याला 'अमुक कायद्यात दुरुस्ती' अशी बातमी पुन्हा सांगणारे लेख कोणी वाचत नाही. महिन्याला एकच लेख, आणि तो फोनवर खरोखर विचारल्या गेलेल्या प्रश्नावर. पहिल्या परिच्छेदात उत्तर, मग अपवाद, मग कोणत्या क्षणी वकील लागतोच ते. हा लेख कोणत्या देशाच्या किंवा राज्याच्या कायद्याला धरून आहे आणि शेवटचा कधी तपासला, हे वर लिहा. कायदा बदलल्यावर जुना लेख तसाच पडून असेल तर फर्म झोपलेली आहे हे त्यावरून बरोबर कळतं. भारतासारख्या ठिकाणी माहिती देणारं लेखन आणि काम मागणारं लेखन यांतली रेष पाळा. लेखाच्या शेवटी 'आजच फोन करा' नको.

मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह आता सगळ्यांनाच होतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. ते न्यायालयातले कागद होते. वेबसाइटवरचा चुकीचा निवाडा कोणी न्यायाधीश पकडणार नाही, पण दुसरा वकील पकडेल आणि चारचौघांत सांगेल.

आणि एक, जे ठरवून करता येत नाही पण आलं तर सोडू नये : नवी कायदेशीर कल्पना. वॉचटेल लिप्टन या न्यूयॉर्कच्या फर्मचे मार्टिन लिप्टन यांनी १९८२ मध्ये कंपन्या बळकावू पाहणाऱ्यांविरुद्ध 'पॉयझन पिल' ही तरतूद शोधली. बळकावू पाहणाऱ्याला सोडून बाकीच्या भागधारकांना स्वस्तात शेअर घेण्याचा हक्क देऊन ती कंपनी गिळणं महाग करते. कंपनीवर असं संकट आलं की संचालक मंडळाला कोणाचं नाव आठवतं, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ९ : शिफारस करणाऱ्याचं काम सोपं करा

बहुतेक फर्मचं चांगलं काम दुसऱ्याच्या तोंडून येतं, तरी त्यासाठी कोणी ठरवून काही करत नाही. लेखापाल, बँकेतले अधिकारी, डॉक्टर, समुपदेशक, इतर वकील, यांपैकी तुमच्या निवडलेल्या प्रसंगाच्या आधी अशील कोणाला भेटतो ते शोधा. एकत्र धंदा करणाऱ्या जोडप्याचं बिनसलंय हे त्यांच्या लेखापालाला वकिलाच्या आधी कळतं. अशा दहा-पंधरा जणांची यादी पुरे. शंभर जणांना दिवाळी-नाताळच्या शुभेच्छा धाडून काही होत नाही.

त्यांना तुमचा परिचय पाठवू नका. 'ही तीन लक्षणं दिसली तर माणसाला वकिलाकडे पाठवा' असं अर्ध्या पानाचं टिपण द्या, ज्याचा त्यांना त्यांच्या कामात उपयोग होईल. त्यांनी पाठवलेला माणूस आला की त्याच्या परवानगीने 'भेट झाली, आम्ही बघतोय' एवढं त्याच दिवशी कळवा. तपशील नाही. माणूस पाठवल्यावर पुढे काय झालं हे कधीच न कळणं, ही शिफारस आटण्यामागची नेहमीची गोष्ट आहे. बदल्यात पैसे देऊ नका, बहुतेक ठिकाणी ते नियमबाह्य आहे. जे तुमच्या दारात बसत नाही ते काम त्यांच्याकडे पाठवा.

पायरी १० : अभिप्राय, विशेषतः वाईट

तुमच्याकडे परवानगी असेल तर काम संपल्यावर अशिलाला अभिप्राय मागा. मागण्याची योग्य वेळ शेवटच्या बिलाआधीची. शब्द त्याचे राहू द्या आणि नाव वापरण्याची संमती लेखी घ्या. निकालाचा उल्लेख असेल तर प्रत्येक प्रकरण वेगळं असतं हेही जोडा.

वाईट अभिप्रायाला उत्तर देताना वकील स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. समोरचा खोटं बोलतोय म्हणून खरं काय घडलं ते लिहितात, आणि त्यात अशिलाचं गुपित उघड होतं. अमेरिकन बार असोसिएशनने जानेवारी २०२१ मधल्या ४९६ क्रमांकाच्या मतात स्पष्ट केलं की ऑनलाइन टीका ही गोपनीयता मोडण्याची सबब होत नाही. लिहायचंच तर एवढं लिहा : 'गोपनीयतेच्या बंधनामुळे इथे उत्तर देता येत नाही. कृपया आमच्याशी थेट बोला.' अशी दोन शांत वाक्यं वाचणाऱ्या नव्या माणसाला फर्मबद्दल बरंच काही सांगून जातात.

पैसे देऊन केलेल्या जाहिराती, जिथे चालतात तिथे, या सगळ्यानंतर. छोट्या रकमेने, एकाच प्रसंगाच्या शब्दांवर, आणि त्या प्रसंगाच्या पानावरच उतरणाऱ्या.

पायरी ११ : काय मोजायचं आणि कुठे दुरुस्त करायचं

वेबसाइटवर किती लोक आले, हा आकडा बाजूला ठेवा. चार आकडे दर महिन्याला लिहा. निवडलेल्या प्रसंगाच्या चौकशा किती, त्यांतली कामं किती झाली, प्रत्येक काम कोणाकडून आलं, ठरलेल्या फीपैकी वसूल किती झाली. सहा महिन्यांच्या आत निष्कर्ष काढू नका. वकील रोज लागत नाही, त्यामुळे ऐकलेलं नाव उपयोगात यायला वेळ जातो.

सहा महिन्यांनी चौकशाच येत नसतील तर शिफारस करणाऱ्या दहा-पंधरा जणांना भेटा आणि आम्ही काय करतो ते तुम्हीच सांगा, असं त्यांना म्हणा. चौकशा येतात पण चुकीच्या, तर सहाव्या पायरीतलं वाक्य ढिलं आहे. योग्य चौकशा येतात पण काम ठरत नाही, तर फोन आणि पहिली भेट पुन्हा तपासा. काम येतं, पैसे येत नाहीत, तर टप्प्यांची फी नव्याने मांडा. सगळं नीट चाललं आहे पण अशील पुन्हा कोणाला पाठवत नाही, तर तिसऱ्या पायरीकडे परत जा आणि या वेळी यादीत हरलेले अशील जास्त घ्या.